कपडेपटातला हिरवा पोशाख



ज्या गृहस्थांच्या स्मरणार्थ आपण इथे जमलो आहोत, त्यांनी आयुष्यभर नाटक कंपन्यांचा कपडेपट सांभाळला. त्यांचं नाव जाहिरातीत कधी आलं नाही. प्रयोग संपला की नट बाहेर पडत, चाहत्यांचा घोळका त्यांच्यामागे जाई आणि हे आत घामानं ओले झालेले कपडे दोरीवर टाकत असत. मी या कामात नवखी होते तेव्हा त्यांनी मला एकदा विचारलं होतं, ‘बाई, नाटक कुठं असतं, सांगा बघू?’ मी पुस्तकी उत्तर दिलं. ते हसले आणि ट्रंकेवर थाप मारून म्हणाले, ‘उद्याच्या प्रयोगापर्यंत ते इथं असतं.’

आज मी ज्या पोशाखाबद्दल बोलणार आहे तो मराठी रंगभूमीचा नाही. तो आहे इंग्लंडमधल्या केंट परगण्यात, टेंटरडन गावाच्या पुढे, स्मॉलहाइद प्लेस नावाच्या जुन्या लाकडी वाशांच्या घरात. ‘मॅकबेथ’मधल्या लेडी मॅकबेथचा हा पोशाख. तो घालणारी नटी एलन टेरी. पहिला प्रयोग २९ डिसेंबर १८८८ रोजी लंडनच्या लायसियम थिएटरात झाला. म्हणजे आपल्याकडे किर्लोस्कर मंडळींचं संगीत नाटक भरात होतं, त्या सुमाराची ही गोष्ट.

तुम्ही म्हणाल, इथे बसून केंटमधल्या झग्याचं काय? थोडा धीर धरा. त्या झग्यावर जे शिवलंय, त्याच्याशी आपली ओळख आहे.

एलन टेरीचा जन्म १८४७ चा. आईवडील फिरते नट. वयाच्या नवव्या वर्षी ती रंगमंचावर उभी राहिली. सतराव्या वर्षात तिचं लग्न झालं ते तिच्याहून तीस वर्षांनी मोठ्या जी. एफ. वॉट्स या चित्रकाराशी. ते वर्षभरही टिकलं नाही. पुढे गॉडविन नावाच्या वास्तुविशारदाबरोबर ती लग्नाशिवाय राहिली, दोन मुलं झाली. १८७८ मध्ये नट हेन्री आयर्विंगनं तिला लायसियममध्ये आणलं आणि पुढची वीस-बावीस वर्षं इंग्रजी रंगभूमीवर या जोडीचं राज्य होतं. त्या थिएटरचा व्यवस्थापक होता ब्रॅम स्टोकर, पुढे ‘ड्रॅक्युला’ लिहिणारा. हे सगळं सांगायचं कारण एवढंच, की ही बाई चित्रकार आणि वास्तुविशारदाच्या घरात वावरलेली होती. आपल्या अंगावर काय शोभतं आणि काय नुसतंच भारी दिसतं, यातला फरक तिला कळत होता.

पोशाखाची कल्पना अ‍ॅलिस कॉमिन्स कार यांची, शिलाई एडा नेटलशिप यांच्या कारखान्यातली. कार बाईंना दोन गोष्टी एकाच कापडात हव्या होत्या. पोशाख मऊ चिलखतासारखा दिसावा आणि त्याच वेळी सापाच्या खवल्यांचा भास व्हावा. लंडनच्या बाजारात असं कापड मिळेना. शेवटी नेटलशिप बाईंनी बोहेमियातून सूत मिळवलं: हिरवं मऊ रेशीम आणि निळी चमकती जर यांचा एकत्र पीळ. त्याचं क्रोशानं विणकाम केलं. बेतणी तेराव्या शतकातली, बाह्या घोळदार, जमिनीपर्यंत येणाऱ्या. झगा तयार झाला, अंगावर चढवून पाहिला आणि दोघींच्या लक्षात आलं की रंगमंचावर तो मंद पडतोय. मग त्यावर भुंगेऱ्यांचे हिरवे पंख शिवायचं ठरलं. सगळ्या कडांना केल्टिक नक्षीची अरुंद पट्टी आली, तीत लाल-पांढरे खडे. वर मखमली झगा, त्यावर ज्वाळेच्या रंगाच्या जरीत काढलेले ग्रिफिन, म्हणजे गरुडाच्या डोक्याचे सिंह. डोक्यावर ओढणी आणि गुडघ्यापर्यंत लोंबणाऱ्या, सोन्याच्या तारा गुंफलेल्या दोन वेण्या.

आता पंखांकडे येऊ. हे पंख सोनकिड्याच्या जातीतल्या एका भुंगेऱ्याचे. भारत, ब्रह्मदेश, सयाम या पट्ट्यातला हा कीटक. त्याचे भाऊबंद आपल्याकडे पावसाळ्यात बाभळीवर दिसतात. माझ्या पिढीतल्या पुष्कळांनी असा किडा काड्यापेटीत पाला घालून पाळला असेल. भुंगेऱ्याला पंखांच्या दोन जोड्या असतात. उडायची जोडी आत असते. बाहेरची जोडी टणक असते आणि आतल्या पंखांवर झाकणासारखी बसते. चकाकतं ते हे झाकण. सुई जावी म्हणून ते आधी वाफेवर नरम करतात, कातरतात, मग टाका घालतात.

ही कला इंग्लंडची नव्हे. एकोणिसाव्या शतकात हैदराबाद, मद्रास, कलकत्ता या बाजूंना मलमलीवर भुंगेऱ्यांचे पंख आणि सोनेरी जर यांचं भरतकाम होत असे आणि मडमांना त्याचं वेड होतं. त्याच्या पुष्कळ आधी, जम्मूच्या डोंगराळ भागातल्या बसोली शैलीचे चितारी राधेच्या गळ्यातला पाचू दाखवायला रंग न वापरता या पंखाचा तुकडा चिकटवत. खरा पाचू परवडत नव्हता म्हणून नव्हे. कागदावर पाचूसारखं चमकणारं दुसरं काही नव्हतं म्हणून. कार बाईंना झग्यावर पंख शिवायची कल्पना सुचली ती लेडी रँडॉल्फ चर्चिल यांच्या, म्हणजे विन्स्टन चर्चिलच्या आईच्या, अंगावरचा असाच एक पोशाख पाहून. पुढे १९०३ च्या दिल्ली दरबारात लेडी कर्झननं मोरपिसांच्या नक्षीचा जो गाजलेला झगा घातला, त्यातल्या प्रत्येक पिसाच्या डोळ्यातही भुंगेऱ्याचा पंख आहे. त्यावरची जर दिल्लीतल्या कारागिरांनी भरलेली. तो झगाही आज इंग्लंडातच, केडलस्टन हॉलमध्ये आहे.

मला या सगळ्यात एका गोष्टीची गंमत वाटते. पंखाचा हिरवा रंग हा रंग नाहीच. त्यात हिरवं रंगद्रव्य असं नसतं. कवचाच्या अतिशय पातळ थरांवर उजेड पडतो, परततो आणि आपल्याला हिरवं, निळं, तांबूस दिसतं. त्यामुळे तो विटत नाही. रेशीम विटतं, जर काळी पडते, सुताचा पीळ सैल होतो. पंख मोडतो, पण हिरवाच राहतो. कितीही पैसे ओतलेले असोत, त्या पोशाखातली सर्वात टिकाऊ वस्तू बाभळीवरच्या किड्यानं केलेली आहे.

उजेडाचा विषय निघालाच आहे तर एक तांत्रिक गोष्ट सांगते, कारण इथे प्रकाशयोजना करणारी मंडळीही बसलेली दिसतात. १८८८ साली लंडनमध्ये विजेचे दिवे आलेले होते. पण आयर्विंगनं लायसियममध्ये गॅसचे दिवे आणि चुन्याच्या ज्योतीचा झोत, ज्याला लाइमलाइट म्हणतात, तेच ठेवले. गॅसच्या उजेडात एक दाटपणा असतो, तो सतत किंचित हलतो. एलन टेरीलाही तोच आवडे. तो पोशाख त्या हलत्या ज्योतींसाठी बेतलेला होता. नटीनं श्वास घेतला तरी पंखांवरून हिरवी-निळी लाट सरकत असणार. आज संग्रहालयात कापड जपायचं म्हणून उजेड अगदी मंद ठेवतात, सुमारे ५० लक्स, आणि तो स्थिर असतो. पंख आहेत, हिरवा आहे, पण साप हलत नाही. पोशाख जपण्यासाठी ज्या उजेडाचा तो होता, तोच त्याच्यापासून काढून घ्यावा लागतो. याला इलाज नाही. प्रदर्शनाच्या पाटीवर मात्र हे लिहायला हवं, असं मला वाटतं.

नाटकाबद्दल समीक्षकांची मतं विभागलेली होती. लेडी मॅकबेथ म्हटलं की इंग्रजांच्या डोळ्यासमोर शंभर वर्षांपूर्वीची सेरा सिडन्स उभी राहायची, करारी आणि भीतीदायक. टेरीनं वेगळी बाई उभी केली: नवऱ्यावर जीव टाकणारी, त्याच्यासाठी पाप ओढवून घेणारी. काहींना ते पटलं नाही. पोशाख मात्र सगळ्यांना दिसला. ऑस्कर वाइल्डनं चिमटा काढला की ही गृहिणी भलतीच काटकसरी दिसते. नवऱ्याचे कपडे आणि नोकरांचे गणवेश गावातल्या मागावरचे, स्वतःची खरेदी मात्र थेट बायझँटियमला जाऊन. वाइल्डच्या या थट्टेत थोडी घरगुती माहितीही असावी. त्याच्या बायकोचा लग्नातला पोशाख याच नेटलशिप बाईंनी शिवलेला होता!

त्यानंतर आला सार्जंट. जॉन सिंगर सार्जंट हा त्या काळचा गाजता व्यक्तिचित्रकार, लंडनच्या टाइट स्ट्रीटवर त्याचा स्टुडिओ. वाइल्ड त्याच रस्त्यावर राहत होता. पूर्ण वेशात, घोडागाडीत बसलेली लेडी मॅकबेथ त्यानं पाहिली आणि हा रस्ता आता पुन्हा इतर रस्त्यांसारखा राहणार नाही, असं काहीसं म्हटलं. १८८९ च्या चित्रात टेरी दोन्ही हातांनी मुकुट डोक्यावर धरून उभी आहे. नाटकात असा प्रसंगच नाही. शेक्सपिअरच्या संहितेत नाही, आयर्विंगच्या प्रयोगातही नाही. सार्जंटला पोशाख उभाच्या उभा हवा होता, बाह्यांचा घोळ उघडायला हवा होता, म्हणून हात वर गेले. एका चित्रकारानं कपड्यासाठी नाटकात नसलेला प्रसंग रचला. चित्र आयर्विंगनं विकत घेऊन थिएटरातल्या आपल्या जेवणाच्या खोलीत लावलं. तो गेल्यावर, १९०६ मध्ये, ते लंडनच्या टेट कलासंग्रहालयात आलं.

चित्र असं एका जागी टांगलं गेलं. झगा मात्र कामावर जात राहिला.

‘मॅकबेथ’च्या त्या प्रयोगांची संख्या दीडशेच्या पुढे गेली. टेरी आपले कपडे टाकून देणाऱ्यांतली नव्हती. ती ते जपायची, पुन्हा वापरायची, दुरुस्त करायची. झगा मुळातच विणीचा. त्यावर शेकडो पंख. विणीचं कापड स्वतःच्या वजनानंच खाली ओढलं जातं, हे घरी लोकरीचा स्वेटर ओला टांगणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. भोकं पडत गेली, पंख मोडत गेले, कुणी ना कुणी ते पुन्हा सांधत गेलं. कुणाचे टाके बारीक, कुणाचे घाईचे. प्रवेशाला दोन मिनिटं उरलेली असताना घातलेला टाका कसा दिसतो ते मला ठाऊक आहे. मी स्वतः असे कैक घातलेत.

टेरीनं स्मॉलहाइदचं घर १८९९ मध्ये घेतलं. १९२८ मध्ये ती तिथेच गेली. तिची मुलगी एडिथ क्रेग स्वतः वेशभूषाकार आणि दिग्दर्शक. तिनं पुढच्याच वर्षी ते घर लोकांसाठी उघडलं, अंगणातल्या धान्याच्या कोठाराचं छोटं नाट्यगृह केलं आणि आईच्या स्मृतिदिनाला तिथे दर वर्षी प्रयोग सुरू केला. १९३९ मध्ये घर नॅशनल ट्रस्टकडे गेलं. एडिथचं नाव इथे मुद्दाम घेते. टेरीचा मुलगा एडवर्ड गॉर्डन क्रेग जगप्रसिद्ध; आपल्या नाट्यशाळांत त्याचे सिद्धांत शिकवतात. त्यानं रंगभूमी कशी असावी यावर पुस्तकं लिहिली. ट्रंका सांभाळल्या मुलीनं. आज आपण ज्याला पुरावा म्हणतो, तो तिच्यामुळे आहे.

२००९ च्या सुमारास पोशाख ब्राइटनला झेंझी टिंकर या वस्त्रसंवर्धकांच्या कार्यशाळेत गेला आणि २०११ मध्ये परत आला. मधल्या काळात सुमारे १,३०० तास काम झालं. गळून पडलेले पंख वर्षानुवर्षं गोळा करून ठेवलेले होते, ते पुन्हा बसवले. काही कमी पडले ते देणगीतून आले. शंभरेक पंख मोडलेले होते. त्यांतल्या प्रत्येकाला पाठीमागून जपानी कागदाचा पातळ तुकडा गव्हाच्या खळीनं चिकटवून जोडलं. खळ म्हणजे तीच, जी आपल्या आज्या पुस्तकांना कव्हर घालायला करायच्या. विणीला आतून आधार दिला. बाह्यांचा मूळ घोळ आणि जमिनीवर लोळणारा मूळ घेर परत आणला.

इथे माझं मन जरा अडतं. पोशाखाला पहिल्या प्रयोगाच्या, म्हणजेच सार्जंटच्या चित्रातल्या रूपाजवळ नेलं गेलं. ते देखणं आहे, त्यामागचं कसब तर वादातीत. पण मूळ आकार परत आणायचा म्हणजे नंतरचा आकार सोडायचा. चित्र एका दिवसाचं आहे. झग्याचं आयुष्य कैक वर्षांचं होतं, दौऱ्यांचं, घाईचं, वाढत्या वयाचं. दोन्ही एकदम दाखवता येत नाहीत. टिंकरबाईंचं म्हणणं असं होतं की आपलं कामही या पोशाखाच्या चालत्या इतिहासाचाच भाग आहे. हे मला प्रामाणिक वाटलं. त्यांनी आपण अदृश्य असल्याचा आव आणला नाही.

आता आपल्या घरी येऊ.

‘मॅकबेथ’ मराठीत आला तो शि. म. परांजपे यांच्या ‘मानाजीराव’ या रूपानं. पुढे १९५४ मध्ये शिरवाडकरांनी ‘राजमुकुट’ लिहिलं. त्यात नानासाहेब फाटक होते आणि लेडी मॅकबेथच्या जागी दुर्गा खोटे. सार्जंटच्या चित्रातला मुकुट आणि शिरवाडकरांच्या शीर्षकातला मुकुट, दोन्ही मला नेहमी एकमेकांसमोर दिसतात.

आपल्या नायिकांची वस्त्रं मुळातच निराळी. बालगंधर्वांच्या नेसण्याची नक्कल घराघरांतल्या बायका करत, हे आपण सारेच ऐकत आलो. पण साडी शिवलेली नसते. नऊवारी लुगडं सोडलं की त्याची घडी होते आणि ते कुणी नेसलं होतं हे विसरून जातं. दुसऱ्या दिवशी ते दुसऱ्या नटीचं, चार महिन्यांनी कुणाच्या तरी मुंजीतलं. विलायती झगा टांगला तरी त्यात खांदे दिसतात. आपल्या लुगड्यात खांदे राहत नाहीत. आपल्याकडे अंग लक्षात ठेवतो तो पोलका. काखेतलं घामाचं वलय, गळ्याच्या कडेला लागलेला सफेदा, पाठीवरची वाढवलेली शिवण, बाळंतपणानंतर उसवलेला आणि पुन्हा धरलेला टक. नटीचं चरित्र लिहायचं असेल तर शालू राहू द्या, पोलका मागा.

हे मला शहाणपणानं कळलेलं नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी संगीत नाटकांत कामं केलेल्या एका बाईंच्या मुलीनं मला आईचा एक पोलका दिला. खणाचा, आतून मांजरपाटाचं अस्तर. गळ्याशी तपकिरी डाग, अस्तरावर गडद पट्टे, काखेत दोन वेगळ्या रंगांच्या दोऱ्यांनी घातलेलं रफू. मी तो घरी आणला आणि प्रेमानं, कोमट पाण्यात, रिठ्यानं धुतला. सुंदर निघाला. इस्त्री करून, पातळ कागदात गुंडाळून एका जाणकार मैत्रिणीला दाखवायला नेला. तिनं तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, ‘रंग कोणता लावायच्या त्या? गळ्यापर्यंत की पाठीपर्यंत? दौऱ्यावर कपडे धुवायला मिळायचं का?’ यातल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर त्या पोलक्यात होतं. ते मी मोरीत सोडून दिलं होतं. माझ्याकडे उरला एक स्वच्छ जुना पोलका. खणाच्या दुकानात मिळावा तसा.

ज्यांच्या स्मरणार्थ आज जमलो, त्या कपडेपटवाल्या काकांना मी हे सांगितलं तेव्हा ते रागावले नाहीत. म्हणाले, ‘धुवायचं कामच आहे बाई आपलं. कधी थांबायचं ते मात्र कुणी शिकवत नाही.’

ते खरंच आहे. कपडेपटाचा धर्म उद्याच्या प्रयोगासाठी स्वच्छ कपडा देण्याचा. संग्रहालयाचा धर्म कालचा प्रयोग पुसू न देण्याचा. एकाच कापडावर या दोन्ही गोष्टी एका हातानं होत नाहीत. मधे एक दिवस येतो, ज्या दिवशी तो कपडा नाटकातून निवृत्त होतो. तो दिवस कुणीतरी ठरवावा लागतो. टेरीच्या घरी तो एडिथनं ठरवला. आपल्याकडे तो बहुधा भंगारवाला ठरवतो, किंवा दिवाळीची साफसफाई.

म्हणून या सभागृहात बसलेल्यांना एक विनंती करते आणि थांबते. तुमच्या घरात, माळ्यावर, आत्याच्या, आजीच्या, शेजारच्या बाईंच्या ट्रंकेत नाटकात वापरलेलं काही असेल, पोलका, खोटे दागिने, गंगावन, झालर, तर ते धुऊ नका. ऊन दाखवू नका. डांबराच्या गोळ्या कापडाला चिकटतील अशा ठेवू नका आणि प्लास्टिकच्या पिशवीत तर मुळीच घालू नका, आत ओल धरते. जुनं, धुऊन मऊ झालेलं मलमलीचं कापड घ्या, त्यात सैल गुंडाळा. जरीवर घडी येऊ देऊ नका, मधे कापडाचीच गुंडाळी ठेवा. आणि एका कागदावर, शिसपेन्सिलीनं, तीन गोष्टी लिहून आत ठेवा: हे कुणाचं, कोणत्या नाटकातलं, आणि शिवलं कुणी. तिसऱ्याचं नाव आठवत नसेल तर आज घरी गेल्यावर फोन करून विचारा. सांगू शकणारी माणसं आता ऐंशीच्या पुढची आहेत.